पार्ट नंबर बोला!

वीस वर्षांची टर्बो गाडी, आतल्या आत तुटलेला एक प्लॅस्टिकचा पंखा आणि डोक्यावर आरटीओची तारीख. नाना पेठेचे काउंटर, कुर्ल्याचं भंगार, म्युनिकहून निघालेली सुटकेस... एका 'ऑक्टेव्हिया आरएस'चं इंजिन पुन्हा उभं करण्याची ही खटपट.

पसरणी घाटातल्या तिसऱ्या वळणावर टेंपरेचरचा काटा हलला.

"एसी बंद कर," दादा म्हणाला. मी केला. काटा वरच. "आता हीटर लाव. फुल."

२०२५ चा मे महिना, दुपारचे अडीच, खाली वाई तव्यासारखी तापलेली आणि आम्ही गाडीत हीटर लावतोय! पण इंजिन तापलं की हीटर लावायचा, म्हणजे त्याची थोडी उष्णता आत खेचली जाते, हा फंडा जुन्या गाडीवाल्यांना तोंडपाठ असतो. मी ओढणीने वारा घेत बसले. दहा सेकंद, वीस सेकंद, अर्धा मिनिट. जाळीतून हवा येत होती, पण ती बाहेरच्याइतकीच. गरम नव्हतीच.

मला बरं वाटलं. दादाचा चेहरा मात्र पांढराफटक.

"संपलं," तो म्हणाला. गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. हीटरमधून गरम हवा येत नाही, याचा अर्थ इंजिनातलं पाणी फिरत नाहीये. पाणी फिरत नाही म्हणजे वॉटर पंप गेला. महाबळेश्वरचा वीकएंड तिथेच संपला. संध्याकाळी आम्ही फ्लॅटबेडवाल्याच्या केबिनमध्ये दाटीवाटीने बसून पुण्याला परत आलो, मागे आमची लाल गाडी वरातीतल्या घोड्यासारखी बांधलेली.

पुढचे साडेचार महिने ती गॅरेजमधून हलली नाही.

आरएस म्हणजे काय रे भाऊ?

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. हिंजवडीत आयटीत. फ्लॅटचा ईएमआय, चार वर्षांची लेक, सोसायटीत एकच पार्किंग. त्या एकुलत्या पार्किंगमध्ये उभी असते २००५ ची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस. ऑफिसला तो कंपनीच्या बसने जातो, म्हणजे बघा.

ही गाडी त्याच्या डोक्यात शिरली ती दहावीत. आम्ही मूळचे तेव्हाच्या औरंगाबादचे, आताच्या छत्रपती संभाजीनगरचे. शेंद्रा एमआयडीसीत २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळायला लागल्या होत्या. जालना रोडला ऑक्टेव्हिया दिसणं यात काही नवल राहिलं नव्हतं. पण २००४ मध्ये मागच्या बाजूला 'आरएस'चं चिन्ह लावलेली एक आली आणि शाळेतली पोरं सायकली थांबवून बघायला लागली. आरएस म्हणजे 'रॅली स्पोर्ट'. स्कोडाने १९७४ मध्ये १८० आरएस आणि २०० आरएस नावाच्या रेसच्या गाड्या काढल्या होत्या, तिथून आलेलं हे नाव. आपल्याकडे शोरूममध्ये मिळणारी ही पहिली टर्बो पेट्रोल गाडी. १७८१ सीसी, दीडशे बीएचपी. युरोपातल्या आरएसला एकशे ऐंशी होते, आपल्याला तीस कमी दिले. तरी त्या काळातल्या साध्या हॅचबॅकपुढे हे प्रकरण म्हणजे गल्लीतल्या टेनिस बॉल क्रिकेटमध्ये कुणीतरी लेदर बॉल घेऊन यावं तसं होतं.

इंजिनही जरा नखरेलच. चार सिलिंडर, पण प्रत्येकाला पाच व्हॉल्व्ह: तीन हवा आत घ्यायला, दोन धूर बाहेर टाकायला. एकूण वीस. त्यांची वेळ सांभाळतो एक रबरी टायमिंग बेल्ट. तोच बेल्ट वॉटर पंपही फिरवतो. बेल्ट तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हना धडकतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. चालत्या इंजिनाचा एका सेकंदात अडकित्ता होतो.

आमच्या गाडीचा बेल्ट शाबूत होता. गेला होता तो पंपाच्या आतला पंखा. या इंजिनाच्या मूळ पंपात हा पंखा प्लॅस्टिकचा असायचा. वर्षानुवर्षं गरम पाण्यात राहून प्लॅस्टिक कडक होतं, त्याला चीर जाते, मग दांडा फिरतो आणि पंखा जागच्या जागी बसून राहतो. बाहेरून काही कळत नाही. गळती नाही, आवाज नाही. घाटात मात्र कळतं.

गॅरेजच्या मिस्त्रींनी कॉम्प्रेशन तपासलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचा आकडा पडलेला. म्हणजे दोघांच्या मधोमध हेड गॅस्केट उडालं होतं. "साहेब, पंप, बेल्टचा अख्खा सेट, गॅस्केट, थर्मोस्टॅट आणि हेडच्या टोकाचा हा प्लॅस्टिकचा पाण्याचा कोपरा, एवढं आणून द्या," ते म्हणाले. "मजुरी माझी. पार्ट तुमचे." हे मिस्त्री २००० च्या दशकात एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये होते. पुण्यात आरएस उघडून परत बंद करणारी जी काही मोजकी माणसं उरलीत, त्यातले एक.

पार्ट तुमचे! ऐकायला किती सोपं.

काच घ्या, दार घ्या, इंजिन नको विचारू

इथे एक गंमत लक्षात घ्या. ऑक्टेव्हिया ही काही दुर्मीळ गाडी नाही. हे पहिलं मॉडेल आपल्याकडे २०१० पर्यंत विकलं जात होतं आणि रस्त्यावर दिसायच्या त्यातल्या बऱ्याचशा १.९ लिटर डिझेल. लोकांनी त्या लाखो किलोमीटर हाणल्या. त्यामुळे दार, काच, हेडलाइट, सस्पेन्शनचे बुश, खिडकीची मोटर... काहीही मागा, मिळतं. आरएसचं जवळजवळ सगळं अंग या डिझेल भावंडांवर जगतं. फक्त काळीज वेगळं. नेमकं ते मिळत नाही. किती आरएस विकल्या गेल्या असतील? मोजक्याच. त्यांच्या पंपासाठी कोण दुकानदार पैसे अडकवून ठेवणार?

मे संपता संपता एका शनिवारी आम्ही नाना पेठेत. ही पुण्याची स्पेअर पार्टची पंढरी. दुकानाला खेटून दुकान, छतापर्यंत खोकी, काउंटरवर ग्रीसचे डाग पडलेली कॅटलॉगं आणि चहाचे ग्लास.

"ऑक्टेव्हियाचा वॉटर पंप आहे का?"

"डिझेल ना?"

"पेट्रोल."

"टू लिटर?"

"नाही काका, वन पॉइंट एट टर्बो. आरएस."

काउंटरवरच्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. दादाकडे असं पाहिलं, जणू त्याने गणपतीत होळीच्या पिचकाऱ्या मागितल्या. मग शांतपणे म्हणाले, "पार्ट नंबर बोला."

दादाकडे नंबर नव्हता. तिसऱ्या दुकानात हेच. पाचव्या दुकानात हेच. फक्त सातव्या दुकानातला पोरगा उत्साही निघाला. "ऑडी ए-फोरला पण हेच इंजिन असतं ना? तिचा पंप आहे." दादाने तो घेतला. ओरिजिनल होता, सीलबंद होता, आम्ही खुशीत गॅरेजला. मिस्त्रींनी जुना पंप आणि नवा पंप बाकावर शेजारी शेजारी ठेवले आणि काही न बोलता चहा मागवला.

दोघांचं तोंड जुळत नव्हतं.

इंजिन एकाच घराण्यातलं हे खरं. पण ए-फोरमध्ये ते गाडीच्या लांबीत उभं बसवलेलं, ऑक्टेव्हियात आडवं. त्यामुळे पुढचे बरेच पार्ट बदलतात. हा फरक खोक्यावर लिहिलेला असतो, वाचता आला तर. त्या रात्री दादाने ते वाचायला शिकून घेतलं आणि मलाही शिकवलं. खरं सांगते, मला यात जाम मजा आली.

फोक्सवॅगन ग्रुपच्या पार्टवर साधारण नऊ अक्षरं-आकड्यांचा नंबर असतो, तिनाच्या तीन गटांत. पहिला गट सांगतो पार्ट कोणत्या घराण्यातला. आपल्या आडव्या इंजिनाचं घराणं '०६ए', उभ्याचं '०६बी'. एका अक्षराचा फरक आणि आमचे हजारो रुपये बाकावर! (दुकानदार सज्जन, परत घेतला.) मधला गट सांगतो पार्ट कुठल्या विभागातला: एकने सुरू झाला तर इंजिन, नऊने तर इलेक्ट्रिकल. शेवटचा गट म्हणजे तो पार्ट. आणि त्याच्याही पुढे कधी एखादं अक्षर लटकलेलं असतं. ते महत्त्वाचं. तो पार्ट किती वेळा सुधारला, ते त्यातून कळतं. उदाहरणार्थ '०६ए ९०५ ११५ डी' ही याच इंजिनाची इग्निशन कॉइल. 'डी'च्या आधीच्या अक्षरांच्या कॉइलनी जगभर लोकांना रडवलंय. अमेरिकेत २००३ मध्ये फोक्सवॅगन आणि ऑडीला त्या बदलून द्यायची मोहीमच काढावी लागली होती. म्हणजे कुणी 'न वापरलेला, जुन्या स्टॉकमधला' म्हणून आधीच्या अक्षराची कॉइल स्वस्तात देऊ केली, तर ती कितीही कोरी असली तरी नको. जुनी दारू आणि जुनी कॉइल यात फरक आहे!

कॉइलचा प्रश्न तसा सुटतो. नंतर आलेल्या लॉरा आणि सुपर्बच्या १.८ टीएसआय इंजिनाच्या कॉइल थोडी जुळवाजुळव करून इथे बसतात आणि त्या गाड्या आपल्याकडे भरपूर. आरएसवाले असंच जगतात. कुणाचं काय कुणाला बसतं, याचा संसार त्यांच्या डोक्यात पक्का मांडलेला असतो.

कुर्ल्याला चला

जूनमध्ये दादाच्या डोक्यात वेगळंच शिरलं. एकेक पार्ट शोधण्यापेक्षा अख्खं इंजिनच उचललं तर?

सकाळच्या सिंहगडने दादर, तिथून लोकलने कुर्ला, मग सीएसटी रोड. तुम्ही गाडीवाले नसलात तरी एकदा हा बाजार बघाच. गाड्यांची दारं कपड्यांसारखी टांगलेली, बंपरांचे ढीग, डॅशबोर्ड उलटे पडलेले, रस्त्याच्या कडेला इंजिनं ओळीने बसलेली. पायाखाली पावसाचं पाणी आणि त्यावर तेलाचे इंद्रधनुष्यी तवंग. याच कुर्ल्यातल्या कारखान्यात एकेकाळी प्रीमियर पद्मिनी जन्माला यायची. आता गाड्या इथे शेवटच्या येतात.

आता दादा तयारीनिशी गेला होता. खिशात नंबरांची चिठ्ठी. चौथ्या गाळ्यात शेठनी चिठ्ठी न बघताच मान हलवली. "आरएस का इंजन है. दिल्ली से आया है. लेकिन पूरा लेना पड़ेगा."

दिल्ली का? तर दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या चालवायला बंदी घातली गेली होती, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या कितीतरी धडधाकट गाड्या परराज्यांत गेल्या किंवा कापल्या गेल्या. कुणाच्या तरी कौतुकाने जपलेल्या गाडीचं इंजिन इथे फळीवर, ताडपत्रीखाली.

शेठनी ताडपत्री बाजूला केली. दादा खाली वाकला. आधी त्याने टर्बोच्या तोंडात बोट घालून आतला दांडा हलवून पाहिला. दांडा बाजूला किंचित हलला तर चालतं, पण पुढे-मागे सरकला तर टर्बो गेलाच समजा. हा सरकत नव्हता. मग तेल भरायचं झाकण उघडून आत टॉर्च मारला. डांबरासारखा काळा थर दिसला तर पळून यायचं. या इंजिनाला चुकीचं तेल घातलं, किंवा वेळेवर बदललं नाही, की आत चिखल होतो, तेल ओढणारी जाळी तुंबते आणि मग वरचं काहीच वाचत नाही. आतला धातू तपकिरी होता, पण स्वच्छ.

मी पाहिलं, दादाचे डोळे चमकत होते. त्याने शेवटचा प्रश्न विचारला, "पेपर?"

"कौन सा पेपर, साब?" शेठ हसले.

इथेच गाडी अडली. इंजिनाचा नंबर आरसी बुकावर असतो. दुसरं इंजिन बसवायचं तर ते कुठून आलं त्याची कागदपत्रं हवीत आणि आरटीओत नोंद करून घ्यायला हवी. ते न करता बसवलं आणि उद्या तपासणीत नंबर जुळला नाही, किंवा ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं, तर भोगा कर्माची फळं. आणि दादाला आरटीओत जायचंच होतं. गाडीची पंधरा वर्षं २०२० मध्ये भरली, तेव्हा पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली होती. ती ऑक्टोबर २०२५ मध्ये संपणार होती. त्याआधी गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्याच इंजिनावर तिथे उभी राहायला हवी होती.

त्याने इंजिन सोडलं. त्यातला टर्बोखालचा एक लोखंडी ब्रॅकेट आणि वरचं झाकण मात्र घासाघीस करून घेतलं. शहाण्या माणसाने भंगारातून असंच घ्यावं: जे धातूचं आहे आणि जागचं हलत नाही. बेल्ट, पंप, गॅस्केट, टेन्शनर, रबर आणि प्लॅस्टिक भंगारातून कधीच नाही, फुकट मिळालं तरी नाही. आपला पार्ट वयाने गेला, तर त्याच वयाचा दुसऱ्याचा पार्ट लावून काय साधणार?

परतीच्या गाडीत तो खंडाळ्यापर्यंत एक शब्द बोलला नाही.

बाकरवडी जाते, पंप येतो

खरं तर हे सगळे पार्ट जगात आजही नवे मिळतात. हेच इंजिन गोल्फमध्ये, ऑडी टीटीमध्ये, सेआतमध्ये, बीटलमध्ये होतं. युरोपात अशा गाड्या अजून धावतायत, म्हणून पार्ट बनतायत. आणि ज्या कंपन्या मूळ कारखान्याला माल पुरवायच्या, त्याच आपल्या नावाच्या खोक्यात तोच पार्ट बाहेरही विकतात. कधी तर पार्टवरचं फोक्सवॅगनचं चिन्ह ग्राइंडरने खरवडलेलं दिसतं! चिन्ह गेलं की किंमत उतरते, लोखंड तेच राहतं.

कुरिअरने मागवलं असतं, पण त्याचा खर्च आणि कस्टम ड्युटी जोडली की बेरीज बघवत नव्हती. शिवाय एखादं खोकं आठवडाभर कुठे अडकलं तर इथे रात्रीची झोप जाते. सुदैवाने दादाचा मावसभाऊ म्युनिकला असतो आणि तो जुलैमध्ये आईला भेटायला येणार होता. दादाने त्याला नंबरांची यादी पाठवली. फक्त नंबर. "गाडीचं नाव सांगू नकोस, ते काहीतरी भलतंच देतील," अशी ताकीदही दिली. धातूच्या पंख्याचा पंप, टायमिंग बेल्टचा सेट, हेड गॅस्केट, थर्मोस्टॅट, पाण्याचा कोपरा.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुटकेस उघडली. वर चॉकलेटं, मधे मावशीसाठी स्वेटर आणि तळाशी मोज्यांत गुंडाळलेला पंप. दादाने तो आधी तळहातावर तोलला, मग पंखा बोटाने फिरवला. वहिनी स्वयंपाकघरातून बघत होत्या. "माझ्या मंगळसूत्राच्या वेळीसुद्धा एवढं निरखून पाहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मावसभावाच्या परतीच्या सामानात बाकरवडीची आठ पाकिटं गेली. हिशोब फिटला.

...असं आम्हाला वाटलं. मिस्त्रींनी खोकी मोजली आणि विचारलं, "बोल्ट?"

या इंजिनाचं हेड दहा लांब बोल्टनी आवळलेलं असतं. हे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात, त्या ताणावरच गॅस्केट दबून राहतं. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा लावायचा नसतो. दादाच्या यादीत सगळं होतं, दहा बोल्ट नव्हते. मावसभाऊ विमानात.

काकांचा फिलर गेज

ऑगस्टमध्ये मोठे काका, म्हणजे दादाचे बाबा, पुण्याला आले. वाळूजच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये त्यांची तीस वर्षं गेली. गाडीबद्दल त्यांचं मत जगजाहीर होतं: मोडीत काढ. अधिकृत स्क्रॅप केंद्रात दिली की सर्टिफिकेट मिळतं, त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते, पोरीला मागे सुरक्षित बसता येतं, वर एअरबॅग. यातला एकही मुद्दा खोटा नाही, हीच पंचाईत!

त्याच महिन्यात केंद्र सरकारचं नवं नोटिफिकेशन आलं. वीस वर्षांवरच्या मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाची फी पाच हजारांवरून दहा हजार झाली. दादाची गाडी ऑक्टोबरमध्ये नेमकी वीस पूर्ण करत होती. काकांनी पेपर घडी करून त्याच्या ताटाशेजारी ठेवला. कुणी काही बोललं नाही. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "चल, बघू तरी तुझं ते इंजिन."

गॅरेजमध्ये हेड काढून टेबलावर उलटं ठेवलं होतं. घाटातल्या तापण्याने ते वाकलंय का, हा खरा प्रश्न होता. ॲल्युमिनियमचं हेड वाकलं तर भोसरीला नेऊन मशीनवर फेस करावं लागतं, आणि त्यालाही मर्यादा असते, फार खरवडलं तर व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. मिस्त्रींनी अंदाजे ते ठीक असल्याचं सांगितलं होतं. काकांना 'अंदाजे' हा शब्द आवडत नाही. त्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली स्ट्रेट एज आणि फिलर गेज काढला. म्हणजे घरून निघतानाच ते घेऊन आले होते!

त्यांनी हेड रॉकेलने पुसलं. पट्टी लांबीत ठेवली, मग तिरकी, मग दुसऱ्या बाजूने तिरकी. दरवेळी पट्टीखाली गेजचं पातं सारून बघत होते. या हेडला शंभर मायक्रॉनपर्यंत वाक चालतो, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. शंभरचं पातं कुठेच शिरलं नाही. पन्नासचं एका जागी जेमतेम अडकलं. काकांनी तीच जागा तीनदा तपासली. गॅरेजमधली पोरं काम थांबवून बघत होती.

"सरळ आहे," काका म्हणाले. पातं पुसून गेजमध्ये मिटवलं. "घाटात तू लगेच बंद केलीस म्हणून वाचलं. बोल्ट मात्र नवीनच लाव."

मोडीत काढायचा विषय त्यांनी त्या मुक्कामात परत काढला नाही. सोडला असंही नाही.

बोल्ट कुठे मिळाले सांगू? जिथून आम्ही मे महिन्यात हात हलवत परतलो होतो, तिथेच. एका अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर. तेव्हा तिथल्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये गाडीचं मॉडेल टाकलं होतं, स्क्रीनवर काहीच आलं नव्हतं आणि आम्ही 'नाही' हे उत्तर घेऊन निघालो होतो. आता दादाने नुसता नंबर पुढे सरकवला, गाडीचं नाव काढलंच नाही. मुलाने टाइप केलं. "दहा नग आहेत गोडाऊनला. ॲडव्हान्स भरा, सहा दिवसांत येतील." दादाने विचारलं, पंपाचाही नंबर टाकून बघता का? त्याने टाकला. पंप खरंच नव्हता. दादाला, का कोण जाणे, त्याने बरं वाटलं.

गरम हवा

इंजिन बंद करताना मिस्त्रींनी पेट्रोलचे जुने रबरी पाइपही बदलायला लावले. पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्या काळातली नाही. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग लवकर बदलावे लागू शकतात, हे सरकारनेही २०२५ मध्ये मान्य केलंय. एवीतेवी सगळं उघडलंच आहे, तर आता करून टाका, हे मिस्त्रींचं लॉजिक. जुन्या गाडीचं बिल असंच फुगतं, एवीतेवी करत करत. एकूण खर्चात एक नवी कोरी स्कूटर आली असती. वहिनींना दादाने सांगितलेला आकडा वेगळा आहे, म्हणून इथे छापत नाही.

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार. काका परत आले होते, "सहजच". मिस्त्रींनी बेल्टच्या खुणा जुळवल्या, मग हाताने पाना लावून इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवलं. कुठे अडलं नाही. पाणी भरलं. दादा सीटवर बसला. स्टार्टर फिरला, फिरला, फिरला... मला वाटलं आता बॅटरी संपणार. मग एकदम धरलं. आधी चार सिलिंडरांची कुरबुर, थोडा पांढरा धूर, आणि मग तो ओळखीचा जाड, एकसुरी आवाज.

कुणीच टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. सगळे काट्याकडे बघत होते. काटा हळूहळू मध्यावर आला आणि तिथे थांबला. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

"हीटर लाव," काका खिडकीतून म्हणाले.

दादाने लावला. जाळीतून भक्कन गरम हवा आली. पुण्यातल्या ऑक्टोबर हीटची सुरुवात, पत्र्याचं गॅरेज, आणि दादा हीटरच्या तोंडासमोर हात धरून लहान पोरासारखा हसत होता. काकांनी दुसऱ्या बाजूचं दार उघडून आत बसून घेतलं. "काचा लाव," म्हणाले.

आरटीओचं काम ऑक्टोबरमध्ये झालं. रांग, फी, पर्यावरण कर, इन्स्पेक्टरसाहेबांनी बॉनेट उघडून चासी नंबर आणि इंजिन नंबर ताडून पाहिले, दोन्ही जुळले. गाडी आता २०३० पर्यंत रस्त्यावर येऊ शकते.

परवा रात्री अकरा वाजता दादाचा मेसेज आला. पॉवर स्टिअरिंगच्या रॅकखाली तेलाचा थेंब दिसतोय. खाली एक नंबर टाइप केला होता, तिनाच्या तीन गटांत, शेवटी एक अक्षर. त्याखाली लिहिलं होतं: "शनिवारी कुर्ल्याला येतेस का?"